डॉक्टर उत्तम, फॉर्म मात्र बदला

चार स्टार देतेय. पाचवा त्या फॉर्मने खाल्ला.

दादरचं लैंगिक तक्रारींचं क्लिनिक, नवरा-बायकोने मिळून भरायचा फॉर्म. पुरुषाच्या तक्रारीसाठी अर्धं पान, आणि बाईसाठी एकच प्रश्न: 'पत्नी सहकार्य करते का? होय / नाही.' आमच्याकडे प्रकरण उलटं आहे. मी पंचेचाळिशीची, बँकेत नोकरी, मुलगा कॉलेजात. इच्छा मला जास्त, नवऱ्याला कमी. हे लिहायला जागाच नाही, म्हणून समासात लिहिलं. काउंटरवरच्या मुलीने वाचून फॉर्म परत सरकवला. "काकी, इथे सरांचं लिहायचं ना?" अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात. नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. बाईच्याही कामसुखाची बाजू घेऊन लिहीत राहिले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. शंभर वर्षं उलटली आणि दादरचा फॉर्म अजून 'सहकार्या'वरच अडकलाय!

आत मात्र कारभार वेगळा. डॉक्टर मॅडमनी आधी दोघांना एकत्र, मग एकेकट्याला बोलावलं. घड्याळाकडे बघणं नाही. मी थेटच विचारलं, पुरुषांना इच्छा जास्त असते म्हणतात ते खरं की थाप? त्यांनी गोडगोड बोलून टोलवलं नाही. सरासरी काढली तर पुरुषांचीच जास्त निघते, म्हणाल्या. २०२२ साली दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून सहा लाखांवर लोकांची आकडेवारी तपासली, त्यातही हेच आलं. पण त्याच आकड्यांनुसार साधारण चारातली एक बाई सरासरी पुरुषाच्या पुढे असते. "तुम्ही त्यातल्या एक. यात आजार कुठे आला?" (हे सगळं लोकांनी स्वतः सांगितलेल्यावर. आपल्याकडच्या बायका असलं खरं सांगतात का, ही माझी शंका.)

नवऱ्याला मोकळं वाटलं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. इच्छा आधी आणि जवळीक नंतर, असंच दर वेळी होत नाही. कित्येकांना जवळ आल्यावर इच्छा होते. कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली हे बायकांबद्दल मांडलं, पण पुरुषांचंही असं असू शकतं, असं मॅडम म्हणाल्या. त्यावर हा पहिल्यांदा आपणहून बोलायला लागला.

तपासण्या उगाच लांबलचक लिहून दिल्या नाहीत. साखर, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे हार्मोन, आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनसाठी रक्त सकाळीच द्यायचं, कारण तेव्हा ते हार्मोन जास्त असतं. नवऱ्याची साखर चांगलीच वाढलेली निघाली, आणि त्याचाही इच्छेवर परिणाम होतो. नाक्यावरच्या केमिस्टने मध्यंतरी व्हायग्रासारखी निळी गोळी पुढे केली होती, तेही सांगितलं. ती रक्तप्रवाहाचं काम करते, इच्छा आणत नाही, एवढं म्हणून मॅडमनी विषय संपवला. आता साखरेची औषधं चालू आहेत, घरी बोलणं होतं. बाकीचं इथे लिहिणार नाही.

फीची पावती मिळते, यूपीआय चालतं. लिफ्ट नाही, जिने उंच आहेत. शनिवारची संध्याकाळ टाळा, नंबर सरकतच नाही. आणि काउंटरवर खोदून विचारलं तर सरळ सांगायचं, 'मॅडमशीच बोलते.'