दोन सिस्टर की बारकोड? वॉर्डातल्या औषधांबद्दल

मुंबईतल्या दोन हॉस्पिटलांत नाइट केल्यात, एकीकडे औषध द्यायच्या आधी दोन सिस्टर मिळून चेक करायचो, दुसरीकडे पेशंटच्या हातातला पट्टा स्कॅन करायचो, आणि लोक विचारतात त्यातलं कुठलं चांगलं.

पेशंट ओळखायला बारकोडच. एकाच वॉर्डात दोन जाधव, दोघांचे बेड शेजारी, पहाटे चारला डोळे मिटत असतात तेव्हा मशीन थकत नाही, चुकीचा पट्टा असला की लगेच ओरडतं. पण पट्टा ओला झाला, स्कॅन होईना, की कोणीतरी स्टिकरची कॉपी ट्रॉलीला चिकटवून ठेवतं आणि तीच स्कॅन करतं, मग सगळंच वाया.

इन्सुलिनचं मात्र वेगळं आहे. आपल्याकडे व्हायल (औषधाची छोटी बाटली) बहुतेक 40 ची येते, म्हणजे दर मिलीला 40 युनिट, सिरिंज 40 ची पण असते आणि 100 ची पण, म्हणजे तिच्या रेघा मिलीला 40 किंवा 100 युनिट धरून आखलेल्या. 40 च्या व्हायलमधून 100 च्या सिरिंजने 20 ची रेघ भरली तर पेशंटला जातं फक्त 8 युनिट! बारकोड व्हायल बरोबर आहे म्हणेल, सिरिंज कोण बघणार? तिथे दुसरी सिस्टरच लागते, तीही स्वतः हिशोब करून बघणारी, "हो हो, बरोबर आहे गं" म्हणून सही करणारी नाही.

म्हणून माझं मत, बजेट असेल तर बारकोड सगळ्यांसाठी घ्या, पण इन्सुलिन, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम (शिरेतून द्यायचं, चुकलं तर जिवावर बेतणारं) यांना दोन सिस्टर ठेवाच. आणि बजेट नसेल तर निदान पोटॅशियमचे अँप्यूल वॉर्डातून हलवा, सलाइनच्या शेजारी ठेवू नका, त्याला एक रुपया लागत नाही.