पेट्रोलची गळती: नाकाने शोधावी की बल्ब दाबून?

देवबाग-तारकर्लीच्या खाडीत होडी सोडण्याआधी आउटबोर्डची (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाची) गळती दोन तऱ्हांनी पाहता येते. पहिली नाकाने. फुकटची, झटपट, आणि वास आला तर स्टार्टर मारायचाच नाही, हे पक्कं. पण खाडीवरच्या वाऱ्यात वास उडून जातो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी फळ्यांखाली साचते. तिथे नाक पोचत नाही आणि एक ठिणगी पुरते.

दुसरी तऱ्हा: इंजिन बंद आणि थंड असताना टाकीच्या नळीवरचा, पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा रबरी बल्ब कडक होईपर्यंत दाबायचा, आणि थांबायचं. पुन्हा मऊ पडला, तर दोष यांपैकी कशात तरी: जोडणी, क्लिप, तडकलेली नळी किंवा बल्बचाच व्हॉल्व्ह. कडकच होत नाही आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओघळतंय, तर बहुधा फ्लोटची सुई (कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल थांबवणारी) उघडी अडकलेली. कोरडं फडकं फिरवलं की ओल नेमकी सापडते. खाऱ्या हवेत क्लिपा गंजतात, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

माझं मत बल्बच्या बाजूने. मात्र इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनात पंपापुढची जास्त दाबाची बाजू त्याने कळत नाही. ती मेकॅनिककडूनच तपासून घ्या.