टर्नरचा नॉरम: छोटं जलरंगचित्र की मोठं तैलचित्र?

भिंतीवर एकच प्रिंट लावायची, तर कोणती? इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या ट्वीड नदीकाठचा नॉरमचा पडका किल्ला इंग्रज चित्रकार टर्नरने १७९७ मध्ये पाहिला आणि पुढे पुन्हा पुन्हा रंगवला.

१८२२-२३चं जलरंगचित्र जेमतेम वहीच्या पानाएवढं. इंग्लंडच्या नद्यांवरच्या चित्रमालेसाठी केलेलं. त्यावरून छापे काढायचे होते, म्हणून सगळं नेटकं. सूर्य किल्ल्यामागे, त्यामुळे बुरूज निळ्या सावलीत, खाली पाण्यात गाई. जवळून पाहा: तो निळा सपाट फासलेला नाही, बारीक फटकाऱ्यांनी विणलाय. एवढ्याशा कागदावर!

१८४५च्या सुमाराचं तैलचित्र सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद, आणि अपुरं राहिलेलं. किल्ला म्हणजे निळसर धूसर आकार, गाय म्हणजे तांबूस डाग. पांढऱ्या अस्तरावर तेलरंग इतका पातळ, की जलरंगच वाटावा. टर्नरच्या हयातीत ते प्रदर्शनात लागलंच नाही. लोकांनी पाहिलं १९०६ मध्ये.

नाव मोठ्या चित्राचंच जास्त. पण प्रिंटमध्ये त्याचा पिवळा हमखास मळकट येतो, आणि मग उरतं नुसतं धुकं. मी छोटंच लावेन, तेही खुर्चीजवळ, नाक टेकवून बघता येईल असं. मोठ्यासाठी लंडनला, टेट कलासंग्रहालयात जावं.