सहा आठवडे, नऊ महिने की वर्षभर? इंग्रजीच्या शिक्षकांनी कोणता अर्ज भरावा

शाळा उघडल्या की आमच्या तालुक्यातल्या इंग्रजी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: 'अमेरिका सरकारतर्फे शिक्षकांना मोफत प्रशिक्षण, त्वरा करा.' खाली पंचवीस जण 'धन्यवाद सर' लिहितात आणि अर्ज कुणीच भरत नाही. यंदा उमरग्याकडच्या एका मॅडमनी मात्र थेट फोन केला. "सर, यातलं माझ्यासाठी नेमकं कोणतं?" जिल्हा परिषदेचं हायस्कूल, नववी-दहावीला इंग्रजी, नोकरीला अकरा वर्षं, घरी सहावीतला मुलगा आणि सासूबाई. त्यांना जे सांगितलं तेच जरा सावरून इथे लिहितो.

आधी आपल्यासाठी नसलेल्या योजना बाजूला काढू. 'फुलब्राइट इंग्लिश टीचिंग असिस्टंट' (फुलब्राइट म्हणजे अमेरिकी सरकारच्या देवाणघेवाणीच्या शिष्यवृत्त्या) आणि 'इंग्लिश लँग्वेज फेलो' या दोन्ही योजना अमेरिकी नागरिकांसाठी आहेत. ते लोक इतर देशांत जाऊन इंग्रजी शिकवतात. तिथल्या शाळांत इंग्रजी शिकवायला परदेशी शिक्षक नेणाऱ्या दक्षिण कोरियाच्या 'एपिक'ची जाहिरातही बरीच फिरते. ती योजना अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांपुरती आहे. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी पासपोर्ट आडवा येतो. त्यावर चिडायला जागा आहे, पण अर्ज करायला नाही.

उरलेल्यांतून निवडताना लोक 'सगळ्यात मोठं कोणतं' हे विचारतात. मी विचारतो, शाळा तुम्हाला किती दिवस सोडेल?

मॅडमच्या वयाच्या आणि नोकरीच्या माणसाला सगळ्यात जवळची वाटते ती फुलब्राइट टीईए. पूर्ण नाव 'टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट'. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा पैसा, आणि आपल्याकडे निवडीचं काम दिल्लीच्या 'युसीफ'कडे, म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनकडे. भारत-अमेरिका करारातून 1950 साली सुरू झालेली ही संस्था. माध्यमिकच्या शिक्षकाला सहा आठवडे तिकडच्या एखाद्या विद्यापीठात ठेवतात. अध्यापनाचे वर्ग होतात, आणि सोबत तिथल्या शाळेत जोडीदार शिक्षकाच्या वर्गात बसायला आणि शिकवायलाही मिळतं. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, व्हिसाचा खर्च सगळा त्यांचा. वेगवेगळ्या देशांचे शिक्षक एकत्र असतात. माझ्या मते अर्धं शिक्षण त्या सोबतीतून होतं, कारण साठ लेकरांचा वर्ग एकट्यानं हाकणारा माणूस तिथं आपण एकटेच नसतो.

अडचण तारखांची. एक तुकडी साधारण वर्षाच्या सुरुवातीला जाते, दुसरी पावसाळा सरताना. पहिलीत नंबर लागला तर दहावीची बोर्ड परीक्षा ऐन तोंडावर असते आणि मुख्याध्यापक तुमच्याकडे परका माणूस असल्यासारखे बघतात. शिवाय आपलं खातं दीर्घ सुट्टीचं, त्यामुळे अर्जित रजा फारशी शिल्लक नसते. सहा आठवडे कर्तव्यकाळ धरला जाईल की रजा, हे लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे मी ठेच खाऊन सांगतोय. मी पूर्वी एका अनुदानित शाळेत होतो. तेव्हा परदेशातल्या एका छोट्या कोर्ससाठी माझी निवड झाली होती. संस्थेच्या सचिवांनी ना हरकत प्रमाणपत्राचा कागद 'बघू, बघू' म्हणत टेबलाच्या काचेखाली ठेवला. पुढचे अडीच महिने मला तो काचेतून दिसत होता. सही झाली तेव्हा कोर्स संपला होता.

फुलब्राइटच्याच एफएलटीए योजनेचं गणित वेगळं आहे. नाव 'फॉरिन लँग्वेज टीचिंग असिस्टंट', मुक्काम नऊ महिन्यांचा, वयाची अट साधारण 21 ते 29. तिथं तुम्ही इंग्रजी शिकवायची नाहीच. अमेरिकन विद्यार्थ्यांना हिंदी, उर्दू अशी आपली भाषा शिकवायची आणि दर सत्रात स्वतः विद्यापीठाचे दोन विषय घ्यायचे. मग इंग्रजीच्या शिक्षकाला त्याचा काय फायदा, असं वाटेल. मला उलट वाटतं. 'ने' कधी लागतो आणि कधी लागत नाही, हे हिंदी न येणाऱ्या मुलाला समजावताना घाम फुटला, की आपल्या आठवीच्या लेकराला 'हॅज' आणि 'हॅड' का जड जातं ते कळतं. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्यांची नातवंडं आजही संभाजीनगर, परभणी, नांदेडात आहेत. ज्यांच्या घरात उर्दू बोलली-वाचली जाते अशा तरुण शिक्षकांनी ही योजना जरूर बघावी. तासिका तत्त्वावर असाल तर सोडण्यासारखं फार काही नसतंच. कायम नोकरी, लेकरं, कर्जाचे हप्ते असतील तर मात्र नऊ महिने फार होतात. मॅडमसाठी वयातच ही योजना बाद झाली.

वर्षभराचा पर्याय म्हणजे ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती, 1983 पासूनची. हे प्रशिक्षण नव्हे, ब्रिटनमधलं एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण. टेसॉल (इतर भाषकांना इंग्रजी शिकवण्याचा विषय) किंवा अप्लाइड लिंग्विस्टिक्स, म्हणजे उपयोजित भाषाविज्ञान, घेता येतं. कामाचा अनुभव 2,800 तासांचा लागतो, तो नियमित शिक्षकाचा कधीच भरलेला असतो. अर्ज साधारण ऑगस्टपासून दोनेक महिने खुला असतो. पुढारपण, लोकांशी जोडणं, ब्रिटनच का, पुढे काय करणार, यावर निबंध लिहायचे. परत येऊन किमान दोन वर्षं मायदेशी राहायचं. आपल्या बाजूला अध्ययन रजा आणि तिच्यासोबतचं बंधपत्र. माझं स्पष्ट मत: वर्गातच राहायचं असेल तर चिव्हनिंगच्या मागे लागू नका. ज्यांना पुढे अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक, शिक्षक-प्रशिक्षण असल्या कामात शिरायचंय त्यांनी लागावं. स्पर्धाही पत्रकार, वकील, सनदी अधिकाऱ्यांशी असते.

आता रजा न मागणारे पर्याय. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं 'ओपन' नावानं ऑनलाइन कोर्स चालवले, आठ आठवड्यांचे, विद्यापीठाच्या शिक्षकांसह. कोर्स करणाऱ्यांची निवड अमेरिकी वकिलातीमार्फत व्हायची. असाच एक ऑनलाइन कोर्स मी केला. तिकडची मुदत रविवारी मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेनऊ. प्रार्थनेआधी व्हरांड्याच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथं उभं राहून मी असाइनमेंट अपलोड केल्यात आणि पोरांनी 'सर, लाइक करायलेत का?' असं विचारलंय. ब्रिटिश काउन्सिलच्या 'टीचिंग इंग्लिश' संकेतस्थळावरचं साहित्य त्याहून सोपं पडतं, हवं तेव्हा उघडा. महाराष्ट्र सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश काउन्सिल यांचा 'तेजस' उपक्रम प्राथमिकच्या शिक्षकांना आठवत असेल. केंद्रातल्या शिक्षकांनी मिळून वर्गातली अडचण सोडवायची, ही त्यातली पद्धत मला विमानप्रवासाहून कमी वाटत नाही.

हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, हेही विसरू नका. 1958 साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून सुरू झालेली संस्था 2007 मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाली. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक्रम तिथं आहेत, दूरशिक्षणातूनही. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबाद. आणि एक गंमत: कंबोडिया, लाओस, म्यानमार, व्हिएतनाम इथं इंग्रजी शिकवायची केंद्रं भारत सरकारनं उभारली आहेत. परदेशात इंग्रजी शिकवायला पैसा देणाऱ्या सरकारांत आपलंही सरकार आहे, हे ग्रुपवर कुणी फॉरवर्ड करत नाही.

एक इशारा. 2025च्या सुरुवातीला अमेरिकी परराष्ट्र खात्यानं अशा देवाणघेवाणीच्या योजनांचा पैसा काही काळ रोखला होता. त्यामुळे गेल्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबू नका, युसीफच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची जाहिरात दिसली तरच कागद जुळवा. तिकडे स्थायिक व्हायचा विचार असेल तर सरकारी पैशानं मिळालेल्या जे-1 व्हिसाला (देवाणघेवाणीच्या योजनांवर जाणाऱ्यांना मिळतो तो) परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते, हेही घरच्यांना आधीच सांगा.

मॅडमचं आमचं असं ठरलं: या सत्रात ऑनलाइन कोर्स, त्यातलं वर्गात काय वापरलं याची रोज चार ओळींची वही, आणि त्या वहीच्या जोरावर टीईएचा अर्ज. निबंधाचा पहिला मसुदा त्यांनी पाठवलाय. 'माझी शाळा दुष्काळी भागात असून साधनांची कमतरता आहे' अशी सुरुवात. मी ती खोडायला सांगितली, कारण मराठवाड्यातल्या प्रत्येक अर्जाची सुरुवात अशीच होत असणार. दुसऱ्या पानावर मात्र ऊसतोडीला गेलेल्या आईला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक इंग्रजी वाक्य बोलून पाठवणारी नववीतली मुलगी होती. म्हटलं, तिला पहिल्या ओळीत आणा.

सध्या गाडी पासपोर्टवर अडलीय. सरकारी नोकराला पूर्वसूचना पत्र देऊनही पासपोर्ट काढता येतो, त्यामुळे सहीसाठी ताटकळायची गरज नाही. पण बी.एड.च्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव, सेवापुस्तकात सासरचं आणि आधारवर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव. आधी ते एकसारखं करायला मॅडम सोमवारी उमरग्याला जाणार आहेत.