ब्रेथ ऑफ द वाइल्ड की टिअर्स ऑफ द किंगडम, झेल्डातला आधी कुठला घ्यायचा?

निंटेंडोच्या झेल्डा या व्हिडिओ गेम मालिकेतले हे दोन गेम. एकच घ्यायचाय म्हटलं की लोक डोळे झाकून टिअर्स सांगतात, कारण तो २०२३ चा, आणि २०१७ च्या ब्रेथचा तोच नकाशा घेऊन त्यावर आकाशातली बेटं आणि खाली अख्खं अंधारं पाताळ जोडलंय. हिशेबाने बरोबरच आहे ते. दोन्ही खेळून झालेत माझे, टिअर्सवर वेळ जास्तच गेला असेल, तरी कोणी विचारलं की मी जरा अडखळतो.

टिअर्सचं कौतुक आधी करून टाकतो. अल्ट्राहँड नावाच्या शक्तीने फळ्या, चाकं, पंखे चिकटवून काहीही बनवत बसा, रात्र कधी सरली कळत नाही. असेंड ही शक्ती तर त्याहून भारी, गुहेच्या पार आत गेलात की वर बघायचं आणि छतातून आरपार डोंगरमाथ्यावर. ब्रेथमध्ये तोच डोंगर हातापायाने चढायचा, अर्ध्यात पाऊस येतो, आपला नायक लिंक घसरतो, मग कुठल्यातरी कपारीत उभं राहून पाऊस थांबायची वाट बघा. पाऊस टिअर्समध्येही आहे म्हणा, पण पळवाटा भरपूर. हत्यारं दोन्हीत तुटतात, त्यावर काय बोलायचं.

माझं घोडं अडलं ते बाणांपाशी. ब्रेथमध्ये बॉम्बचा बाण एकदा निवडला की संपेपर्यंत तोच चालतो. टिअर्समध्ये प्रत्येक बाणाला नव्याने काहीतरी जोडायचं, म्हणजे धनुष्य ताणा, वरचं बटण धरून ठेवा, मग शिंगं, डोळे, मशरूम, रत्नं अशी मारुतीच्या शेपटासारखी यादी सरकवत बसा, बाण सोडा, परत पहिल्यापासून. जास्त वापरलेलं पुढे आणता येतं आणि गेमही तेवढ्यापुरता थांबतो, पण लढाईची सगळी मजा जाते. त्यात ते सेज लोक, म्हणजे सोबत फिरणारे साथीदार! त्यातल्या तुलिनचा वारा हवा तर त्याच्याजवळ जाऊन ए बटण दाबायचं, आणि खाली पडलेलं उचलायलाही ए च. बोकोब्लिन नावाच्या राक्षसाला लोळवलं, शिंग उचलायला गेलो, नेमका तुलिन मध्ये कडमडला आणि त्याच्या वाऱ्याने शिंग कड्यावरून खाली. ब्रेथमधल्या साथीदारांपैकी रेवालीचा वर उडवणारा वारा उडीचं बटण धरून ठेवलं की हजर, मिफाला तर बोलवावंही लागत नाही, मेलात की ती आपणहून उठवते.

ब्रेथ रिकामा वाटतो असं बरेच जण म्हणतात. चारही डिव्हाइन बीस्ट, म्हणजे आत शिरून कोडी सोडवायची ती महाकाय यांत्रिक जनावरं, आतून सारखेच वाटतात हे मलाही मान्य, टिअर्समधलं विंड टेंपल हे कोड्यांचं मंदिर त्यापुढे फारच सरस आहे. पण ग्रेट प्लॅटो या सुरुवातीच्या पठारावर मुख्य शक्ती हातात आल्या की पुढे मेनूत फार शिरावं लागत नाही, समोर जे दिसतंय तिकडे चालू पडायचं.

ज्याला जोडकामाचा नाद आहे त्याने खुशाल टिअर्स घ्यावा, माझं ऐकू नये. बाकीच्यांनी शक्यतो ब्रेथ आधी, कारण असेंडची सवय लागल्यावर मागे येऊन पावसात कडे चढायला फारसं कोणी तयार होत नाही.