'रिव्हर्स ऑफ लंडन': जादूपेक्षा पोलिसगिरी भारी

बेन अ‍ॅरोनोविचची ही कादंबरीमालिका २०११ मध्ये सुरू झाली, ती अजून चालू आहे. गेले काही महिने मी ती क्रमाने वाचतेय, मधली काही पुस्तकं कोब्ना होल्डब्रुक-स्मिथच्या आवाजात ऐकली. (ऐकाच. लंडनमधला प्रत्येक माणूस वेगळा बोलतो.)

पहिल्या पुस्तकाची सुरुवात: लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये एकाचं मुंडकं उडवलंय. शिकाऊ कॉन्स्टेबल पीटर ग्रँट रात्री थंडीत पहाऱ्याला उभा. साक्षीदार भेटतो, पण तो भूत. आणि पीटर सवयीने त्याचा जबाब घ्यायला लागतो! मी तिथेच गुंतले.

पुढे तो नाइटिंगेल या जादूगार अधिकाऱ्याच्या हाताखाली येतो. साहेबांचा जन्म १९०० चा, दिसतात चाळिशीतले. जादू शिकायची म्हणजे लॅटिनची घोकंपट्टी आणि एकच प्रकाशाचा गोळा महिनोन् महिने गिरवणं. पद्धत बसवली न्यूटनने. अति केलं तर मेंदूची चाळण होते, आणि जवळचा चालू मोबाइल तर हमखास मरतो, आतल्या चिपची वाळू होते. पीटर काय करतो? प्रयोग करून नोंदी ठेवतो आणि फोनला बॅटरी तोडणारं बटण बसवतो. हा स्वभाव मला जादूहून जास्त आवडला.

नद्या माणसांच्या रूपात येतात, त्याचं आपल्याला काय नवल! पण इथली थेम्समाता नायजेरियाहून नर्सिंग शिकायला आलेली, आणि मूळचे थेम्सबाबा १८५८ च्या दुर्गंधीला कंटाळून शहर सोडून वरच्या अंगाला गेलेले. त्या उन्हाळ्यात नदीचा वास संसदेला खरोखर असह्य झाला होता. गटारात गाडलेल्या टायबर्न आणि फ्लीट या नद्या मातेच्या मुली म्हणून ऐटीत वावरतात. जमिनीखालचं लंडन इतकं डोक्यात बसलं की मी नकाशा उघडूनच वाचायचे.

आता तक्रारी. 'फेसलेस मॅन' हा खलनायक दुसऱ्या पुस्तकापासून सातव्यापर्यंत ताणलाय. सहाव्यात तर कोण कुणाचं कोण, हे मागे जाऊन पाहावं लागलं. पहिल्या पुस्तकात पीटरची नजर बायकांवर जरा जास्तच रेंगाळते, नंतर हे कमी होतं. लघुकादंबऱ्या आणि कॉमिक्स मध्येच घुसतात, त्यामुळे क्रम नीट लावून घ्या.

सगळं वाचायला वेळ नसेल तर पहिली चार एका दमात वाचा. चौथ्याचा शेवट गालावर चपराक आहे, कुणाकडूनही ऐकू नका. पाचव्यात पीटर लंडन सोडून हेरफर्डशरला हरवलेल्या दोन मुली शोधायला जातो. शेतं, उन्हाळा, गावचे पोलीस. माझं सर्वात लाडकं हेच.

सध्या आठवं चालू आहे. त्यात पीटर एका टेक कंपनीच्या सुरक्षा विभागात नोकरीला लागलाय. चिप जाळणाऱ्या माणसाला तिथेच पाठवलंय, पैसे वसूल.