दंडावरचं बीपी मशीन: यंत्राला चार तारे, माहितीपत्रकाला एकही नाही

यंत्र चांगलं आहे, हे आधीच सांगतो. माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये इन्स्पेक्शनला गेली, त्यामुळे मोजायचं कुठलंही साधन घरात आलं की त्याची परीक्षा घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे गोखले रोडवरच्या एका मेडिकलमधून घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मनगटावरचं घेऊ नका. हात छातीच्या पातळीवरून जरा वरखाली झाला की आकडा बदलतो. दंडावरचंच घ्या, आणि दुकानात जाण्याआधी शिवणाच्या टेपने दंडाचा घेर मोजून जा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, हा पट्टा सगळ्यांना बसतो." बसतो म्हणजे गुंडाळला जातो, एवढंच! पट्ट्यावर २२ ते ३२ सेंमी छापलंय आणि आमच्या हिच्या दंडाचा घेर ३५. तोकडा पट्टा प्रेशर वाढवून दाखवतो. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला, पैसेही वेगळे. एक तारा तिथे कापला.

आता माहितीपत्रक. मुंगीएवढं अक्षर, इंग्रजी आणि हिंदी. ठाण्यात विकताय तर मराठीत दोन पानं छापायला काय हरकत होती? मोबाईलला जोडायचं कसं याची वर्णनं भरभरून, आणि बसायचं कसं याला एक काडेपेटीएवढं चित्र. शेवटी मीच मोठ्या अक्षरात लिहून कपाटाला चिकटवलं: आधी अर्धा तास चहा-कॉफी-तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून पाच मिनिटं बसायचं, पायावर पाय नाही, तळवे जमिनीवर. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर. आणि गप्प! 'गप्प'खाली दोन रेघा आहेत, कारण पट्टा फुगायला लागला की हिला नेमका भाजीवाल्याचा हिशेब आठवतो. बोलण्यानेही आकडा चढतो.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. पहिला बहुधा जास्त येतो. पत्रकात दाबाची अचूकता अधिक-उणे ३ दिली आहे, तेव्हा १२८ आणि १३१ यांत फरक शोधत बसण्यात अर्थ नाही. आमच्या डॉक्टरांनी मशीन दवाखान्यात आणायला सांगून त्यांच्या यंत्राशी ताडून पाहिलं. दवाखान्यात १४०/९० ही जी जास्त बीपीची रेघ आहे, ती घरच्या मोजणीत १३५/८५ धरायची, हेही त्यांनीच सांगितलं. एका आकड्यावर त्या काहीच ठरवत नाहीत, सकाळ-संध्याकाळची आठवड्याची नोंद मागतात.

तलावपाळीच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ ११८ दिसलं की गोळी बंद करतात. अहो, तो आकडा गोळीनेच खाली आणलाय!

१८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरी तेवढंच राहिलं तर लगेच डॉक्टरांना फोन. सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, सरळ १०८.

मोठा पट्टा मागवताना मशीनचा मॉडेल नंबर सोबत न्या. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळीला बसला तरी वापरायचा नाही.